मी ब्रेकच दाबला होता

"तुमचा पाय कुठे होता?" असं त्या इंजिनियरनं अगदी नम्रपणे विचारलं, आणि मला चारचौघांत कानाखाली बसल्यासारखं झालं. प्रश्नात काही वावगं नव्हतं. तो गाडीच्या कंपनीकडून आला होता. तिशीतला, स्वच्छ नखांचा माणूस. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये माझ्या नव्या गाडीच्या चेपलेल्या नाकाशी उकिडवा बसून त्यानं एक वायर आत कुठेतरी जोडली होती आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर आकडे वाचत होता. वाचताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. मग मान वर करून त्यानं तो प्रश्न विचारला. मला झटका बसला तो एवढ्यासाठी की प्रश्न माझा होता. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवताना रोज निदान चारदा तरी मी तो विचारला असेल, अगदी याच आवाजात. उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि समोरच्यानं ते नुसतं कबूल करायचं बाकी असतं, तो आवाज. मी म्हणालो, "ब्रेकवर." तो म्हणाला, "बरं," आणि त्यानं लिहून घेतलं. ते 'बरं'सुद्धा माझंच होतं.

एरवी माझं उत्तम चाललं होतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाटायचं की हा म्हातारा रडगाणं गायला बसलाय. निवृत्त होऊन सात महिने झाले होते. गुडघे शाबूत, झोप चांगली, बायकोशी पटतं. आमची ही माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेली, रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. सकाळी आम्ही दोघं गॅलरीत चहा घेत बसतो आणि खालून जाणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरना मी नापास करत असतो. "हा बघ, आरशात न बघता वळला." "तो बघ, क्लचवर पाय ठेवून झोपलाय." ही म्हणते, "आता पुरे, पगार बंद झालाय तुमचा." हे असं सगळं चाललेलं असताना लेकीनं आणि जावयानं मिळून ही ऑटोमॅटिक गाडी आमच्या दारात आणून उभी केली. क्लच नाही, गिअर नाही, दोनच पेडल. "बाबा, आता आरामात फिरा," लेक म्हणाली. मला खरंच आराम वाटला. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघं तीनदा नदीवर जाऊन आलो, काही कारण नसताना.

आणि मग तो शनिवार. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन छान पडलं होतं, पडदे धुवायला टाकले होते ते आणायला लाँड्रीवर गेलो होतो. लाँड्रीसमोर गाडी तोंड आत करून लावायची असते. मी माणसाच्या चालीनं गाडी पुढे घेत होतो, ही शेजारी पर्समध्ये पावती शोधत होती, आणि एक माणूस हातगाडी उलटी ओढत, पाठ आमच्याकडे करून, फुटपाथवरून खाली उतरला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. मी आणखी दाबला, इतका की कंबर सीटवरून उचलली गेली, आणि मी जितका जोर लावत होतो तितकी ती पुढे जात होती. शहाण्या जनावरानं एकाएकी ओळख विसरावी तसं काहीतरी. तळव्याखालचं ते पेडल मला आजही आठवतं, जरा खरबरीत, मधोमध बोल्टाचं डोकं टोचणारं. हातगाडीवाल्यानं बाजूला उडी मारली म्हणून वाचला. गाडी लाँड्रीच्या दारात वाळत घातलेल्या चादरींच्या रांगेत घुसली. आधी एक पांढरी चादर काचेवर आली, मग दुसरी, मग सगळं पांढरं झालं आणि काउंटरला आपटून आम्ही थांबलो. त्या पांढऱ्या शांततेत मला फक्त इंजिनाचा ओरडा ऐकू येत होता. लाँड्रीवाल्यानं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मग तो बाहेर आला. हिनं माझ्या हातावर हात ठेवला. "झालं, थांबली," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "मी ब्रेकच दाबला होता." ते वाक्य मी नंतर इतक्या जणांना सांगितलं की त्यातला अर्थ निघून गेला आणि नुसता आवाज उरला.

लाँड्रीवाला भला माणूस. त्यानं चादरी पुन्हा धुतल्या, वर आम्हाला पाणी पाजलं. पण त्याच्या दारावर कॅमेरा होता, आणि त्याच्या भाच्यानं ते चित्रण कुणाला तरी पाठवलं, त्यानं आणखी कुणाला, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत आख्ख्या गावानं मला चादरीत घुसताना पाहिलं. कुणी त्याला गाणं लावलं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं ते मी एकेक करून वाचलं, कुणी सांगितलं होतं देव जाणे. 'गाडीला पंख फुटले.' 'सगळे असंच म्हणतात, ब्रेक दाबला होता म्हणून.' 'साठीनंतर लायसन काढून घ्या.' इथवर ठीक होतं. पण मग माझे विद्यार्थी आले. त्यांनी मला ओळखलं होतं. एकानं लिहिलं होतं, 'हे आमचे मास्तर! हेच आम्हाला सांगायचे, गाडी आपोआप पळत नाही, पाय पळतो.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. मला राग यायला हवा होता, पण वाक्य चोख होतं, आणि मीच घोटून घोटून पाठ करून घेतलं होतं. मोबाइल बंद करून मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. त्यांना सकाळीच घातलेलं होतं.

त्यानंतर आठवडाभर मी घरात बसून एका बाईंचा विचार करत होतो. भूगोल शिकवायच्या कुठल्याशा शाळेत, पन्नाशीला आलेल्या, चष्म्याची दोरी गळ्यात. बावीस वर्षं झाली असतील. मैदानावर सराव चालला होता, मी त्या दिवशी खाली उतरून बाहेरून बघत होतो, त्यांना एकट्यानं गाडी घेऊ दिली होती. मी हात दाखवून थांबायला सांगितलं, आणि गाडी सरळ जुन्या टायरच्या ढिगात शिरली. मी दार उघडून विचारलं, पाय कुठे होता? "ब्रेकवर," त्या म्हणाल्या. "सर, मी ब्रेकच दाबला होता." मी वाकून पाहिलं तर त्यांचा पाय अजूनही अॅक्सिलरेटरवरच होता, दाबलेला. मी त्यांना तो बोटानं दाखवला. त्यांनी आपल्याच पायाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. आणि मी काय केलं, तर पुढची बावीस वर्षं प्रत्येक नव्या तुकडीला तो किस्सा सांगितला. चष्मा सावरत, त्यांचा आवाज काढत. पोरं हसून हसून लोळायची. किस्सा रंगवायला मला आवडायचं, हे खोटं कशाला सांगू. पण त्या बाई खोटं बोलत नव्हत्या, हे मला तेव्हा सुचलंच नाही. मला दोनच खाती ठाऊक होती, पाय बरोबर किंवा माणूस खोटा. आता गॅलरीत बसून तो चेहरा मला पुन्हा पुन्हा दिसायचा, आणि मग मी स्वतःलाच सांगायचो की माझी गोष्ट वेगळी आहे, कारण मी खरंच ब्रेक दाबला होता. त्याही हेच सांगत असणार, त्यांच्या गॅलरीत.

कंपनीचं पत्र आलं. ब्रेक शून्य, अॅक्सिलरेटर शंभर टक्के, चार सेकंद. लेक संतापली. ती एका विमानतळावर सामानाच्या तक्रारी ऐकायचं काम करते, त्यामुळे तक्रार कशी करायची हे तिला पक्कं ठाऊक. "आकडे त्यांचेच, मशीन त्यांचंच, आणि खापर बाबांच्या डोक्यावर," ती म्हणाली. "आपण सोडायचं नाही." तिनं सगळे नियम शोधून काढले. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असेल तर प्रकरण बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातं, वर्तमानपत्रातही देता येतं. साक्षीदार घरातच होती. फॉर्म आला. त्यात प्रश्न होता, 'चालकाचा पाय कोणत्या पेडलवर होता, हे आपण स्वतः पाहिले का?' ही चष्मा लावून टेबलाशी बसली, आणि आपल्या बारीक, सरळ अक्षरात तिनं लिहिलं, 'होय. ब्रेकवर.' सही तेवढी कंपनीच्या माणसासमोर करायची होती.

हिनं रक्तपेढीत चौतीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. घरी भाजीच्या डब्यावरसुद्धा ही तारीख टाकते. लग्नात माझ्या मामांनी आग्रह केला तरी वयाचा दाखला एका महिन्यानं खोटा लिहायला हिनं नकार दिला होता, अशी आमच्याकडे कथा आहे. आणि त्या शनिवारी ही पर्समध्ये बघत होती, माझ्या पायाकडे नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे माझ्या शब्दासाठी ही खोटं लिहीत होती. मला अभिमान वाटला, लाज वाटली, आणि दोन्हींच्या खाली थोडी भीतीही होती. मी म्हणालो, "तू पाहिलंस का खरंच?" ती म्हणाली, "तुम्ही सांगताय ना? मग झालं." आणि फॉर्म पाकिटात घालून ती पाकिटाची कड जिभेनं ओली करायला लागली. आमच्यात या विषयावर तेवढंच बोलणं झालं.

सोमवारी सकाळी दहाला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बोलावलं होतं. लेक तिच्या गाडीतून घेऊन गेली. ही मागे बसली आणि मी लेकीच्या शेजारी. मी एकतीस वर्षं ज्या सीटवर बसलो तीच ही सीट. लेक छान चालवते, मीच शिकवलंय. रस्ता मोकळा होता, झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरकत होत्या, आणि मला बरं वाटायला लागलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पुढे एक मालाचा टेम्पो होता. तो एकदम थांबला. लेकीनं वेळेवर ब्रेक लावला, पण माझाही पाय आपसूक गेला आणि धाडकन चटईवर आदळला. "बाबा," ती हसत म्हणाली, "तिथे काही नाहीये." मीही हसलो. मग खाली पाहिलं. माझा उजवा पाय चटईच्या अगदी उजव्या कडेला होता, डावा पाय डाव्या कडेला. दोन पाय, दोन जागा. आणि मला त्या खरबरीत पेडलमधला बोल्ट आठवला.

नव्या गाडीच्या पेडलला बोल्ट नाही. गुळगुळीत काळं रबर आहे. बोल्ट होता तो ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या बाजूला, कारण ती पेडलं नंतर बसवलेली असतात. दोनच असतात, डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. अॅक्सिलरेटर शिकवणाऱ्याला देत नाहीत, त्याचं काम थांबवण्याचं. एकतीस वर्षं रोज, कुणीतरी सायकलवाल्याच्या अंगावर निघालं की, कुणी खांबाकडे निघालं की, माझा उजवा पाय दोन पेडलांतल्या उजव्या पेडलवर जात होता आणि गाडी थांबत होती. किती वेळा? दिवसाला दहा धरले तरी लाखाच्या घरात. स्वतः चालवताना समोर तीन पेडलं असायची, डावा पाय क्लचवर असायचा, तेवढ्यानं शरीराला कळायचं की आज आपण कुठल्या बाजूला आहोत. ऑटोमॅटिकमध्ये पुन्हा दोनच. हातगाडीवाला पाठमोरा समोर आला आणि माझ्या पायानं दोन पेडलांतलं उजवं पेडल दाबलं, लाख वेळा दाबलं होतं तसं. गाडी थांबेना म्हणून आणखी दाबलं. तो बोल्ट मला त्या शनिवारी टोचलाच नव्हता. तो माझ्या पायाला पाठ होता. म्हणजे आकडे खरे होते. मी त्या सीटवर गारठून बसलो, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी हलकंही वाटलं. वयानं धोका दिला नव्हता. डोकंही जागेवर होतं. पायानं त्याचं नेहमीचं काम केलं होतं, नेहमीपेक्षा वेगळ्या खुर्चीत. तुम्हाला हे सबब वाटेल. मलाही, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर, वाटलं असतं.

वर्कशॉपच्या बैठकीच्या खोलीत एक निळा सोफा होता आणि काचेपलीकडे गाड्या वर उचललेल्या दिसत होत्या. लेक काउंटरवर नाव सांगायला गेली. ही पाकीट मांडीवर घेऊन बसली होती, पेन काढून तयार. मला वाटलं, आता बोललो नाही तर ही सही करेल आणि मग ते खोटं आमच्या दोघांच्या नावावर उरलेलं सगळं आयुष्य राहील. आणि बोललो तर गेले पाच आठवडे जिनं माझ्यासाठी शेजाऱ्यांशी, न्हाव्याशी, स्वतःच्या भावाशी तोंड वाजवलं, ती तोंडावर पडेल. मी म्हणालो, "सही करू नकोस. पाय अॅक्सिलरेटरवर होता." आणि मग ते सगळं सांगितलं, स्कूलची गाडी, दोन पेडलं, उजवं, बोल्ट. घाईघाईत, उलटसुलट. बोलून झाल्यावर म्हणालो, "मी तुला खोटं पाडलं."

तिनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "पावती खाली पडली होती त्या दिवशी. मी वाकले होते. तुमचा पाय मला दिसत होता."

"दिसत होता? मग ब्रेकवर असं कशाला लिहिलंस?"

"वर बघितलं तेव्हा तुमचं तोंड दिसलं. तुम्ही जीव तोडून गाडी थांबवत होता. पाय एक सांगत होता आणि तोंड एक. मी चौतीस वर्षं जे दिसलं तेच लिहिलं. यांनी लिहायला एकच ओळ दिलीय, मग दोन्हींतलं कुठलं लिहू? जे जास्त खरं वाटलं ते लिहिलं." तिनं नाक ओढलं. "आयुष्यात एकदाच. तेही जमलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"लोक हसत होते तुम्हाला. त्यात घरातलीही एक कशाला."

लेक परत आली तेव्हा ही पाकीट फाडून फॉर्म बाहेर काढत होती. तिनं 'ब्रेकवर' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी आपली आद्याक्षरं घातली. रक्तपेढीत चूक अशीच दुरुस्त करतात, चूक झाकायची नसते. मग तिनं लिहिलं, 'अॅक्सिलरेटरवर. चालकाला तो ब्रेक वाटत होता, हेही मी पाहिले.' समासात जागा पुरली नाही म्हणून शेवटचे दोन शब्द उभे गेले. लेक वाचत उभी राहिली, आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत. "तुम्ही दोघं ना," एवढं म्हणून तिनं कपाळाला हात लावला. पुढचं सगळं वाटेत सांगू, असं मी तिला सांगितलं.

इंजिनियरनं फॉर्म दोनदा वाचला. मी त्याला पेडलांची गोष्ट सांगितली, या वेळी नीट, क्रमानं, शिकवायच्या आवाजात. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं टेबलाखाली स्वतःचे पाय हलवून पाहिले, मला दिसलं. "आमच्याकडे यासाठी रकाना नाही," तो शेवटी म्हणाला. "चालकाची चूक, नाहीतर गाडीतला दोष."

"मग चालकाची चूक लिहा," मी म्हणालो. "पण खोटं बोलला असं कुठे लिहू नका. आणि ते दुसरे जे येतात ना तुमच्याकडे, ब्रेकच दाबला म्हणणारे, त्यांना 'बरं' म्हणताना जरा सांभाळून म्हणा."

त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं मान हलवली आणि शिक्का मारला. बाहेर ऊन कडक झालं होतं. लाज अजून होती, ती लगेच कुठे जाणार, उद्या न्हावी विचारेल, परवा हिचा भाऊ. पण भूक लागली होती, पाच आठवड्यांत पहिल्यांदा अशी लागली होती, आणि लेकीकडे जेवायला जायचं ठरलं. तिनं माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी मागे, हिच्या शेजारी जाऊन बसलो. पायाखाली नुसती चटई होती. दोन चौक गेल्यावर एक माणूस रस्ता ओलांडायला आडवा आला, लेकीनं ब्रेक लावला, आणि माझा पाय पुन्हा आपटला, पुन्हा उजवीकडेच. हिनं चप्पल काढून आपला पाय माझ्या पायावर ठेवला आणि लेकीचं घर येईपर्यंत तिथेच राहू दिला.